जॅक रसेल टेरियर: खेळातलं यश आणि आपल्याकडचे गैरसमज

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कुत्र्याची पारख बहुधा उंचीवरून होते. शिकारी कुत्रा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कारवान किंवा पश्मी: लांब पाय, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड. त्या मापाने पाहिलं तर फूटभरही उंची नसलेला जॅक रसेल टेरियर शोभेचाच वाटणार. गंमत म्हणून आणलेला, सोफ्यावर बसणारा, पाहुण्यांवर भुंकणारा, एवढीच त्याची किंमत केली जाते. याच कुत्र्याबद्दल नेमकं उलटं मतही तितकंच पक्कं आहे: तो रक्तानेच मारेकरी, शेतावर सोडला की उंदीर-घुशींचा बंदोबस्त झाला म्हणून समजा. ही दोन मतं एकाच वेळी कशी टिकतात, याचं उत्तर सोपं आहे. हा कुत्रा मुळात कोणत्या कामासाठी घडवला गेला, हे दोन्हीकडे विचारलेलंच नसतं. ते काम समजून घेतलं, की जगभरच्या श्वानक्रीडांमध्ये त्याने मिळवलेलं यशही कळतं आणि आपल्या भागात त्याच्याकडून काय करून घ्यावं, काय अजिबात घेऊ नये, हेही ठरवता येतं.

या जातीला जॉन रसेल (१७९५–१८८३) या इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या धर्मगुरूचं नाव मिळालं. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, त्यांनी एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची टेरियर कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून पुढची पैदास सुरू झाली. काम होतं कोल्ह्याच्या शिकारीतलं, पण मारण्याचं नव्हे. घोडे आणि मोठे शिकारी कुत्रे कोल्ह्यामागे धावायचे, कोल्हा बिळात शिरायचा आणि तिथे टेरियरची पाळी यायची. त्याने बिळात उतरायचं, भुंकून भुंकून कोल्ह्याला जागा सोडायला लावायचं. आतच झुंजून कोल्ह्याला मारणारा टेरियर कामाचा नव्हता, कारण मग शिकारच संपली. म्हणून दिवसभर घोड्यांच्या मागे पळण्याचा दम, अंधाऱ्या बिळात एकट्याने निर्णय घेण्याची हिंमत आणि जबड्यावरचा ताबा हे तीन गुण निवडून निवडून पुढे नेले गेले. आजही जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकात उंची २५ ते ३० सेंटिमीटर आणि दर ५ सेंटिमीटरला साधारण १ किलो वजन असं प्रमाण दिलेलं आहे. खांद्यामागे छातीचा घेर सरासरी माणसाच्या दोन्ही हातांच्या पंजांत मावला पाहिजे, अशीही अट आहे. ती दिसण्यासाठी घातलेली नाही. छाती त्याहून मोठी असेल तर कुत्रा बिळात अडकेल. म्हणजे ज्या बुटकेपणावरून आपण त्याला शोभेचा ठरवतो, तीच त्याच्या कामाची पहिली पात्रता आहे.

खेळांत हे स्पष्ट दिसतं. अमेरिकन केनेल क्लबने १९९४ मध्ये ‘अर्थडॉग’ चाचण्या सुरू केल्या. त्यातली कनिष्ठ गटाची चाचणी पाहण्यासारखी आहे. जमिनीत लाकडी अस्तराचा बोगदा पुरलेला असतो: ९ इंच रुंद, ९ इंच उंच, ३० फूट लांब, तीन काटकोनी वळणांचा. आत मिट्ट काळोख. टोकाला मजबूत जाळीमागे सुरक्षित ठेवलेले उंदीर. कुत्र्याने सोडल्यापासून ३० सेकंदांत तिथे पोहोचायचं आणि पुढे सलग ६० सेकंद काम करायचं, म्हणजे भुंकायचं, उकरायचं, जाळीला भिडायचं, पण जागा सोडायची नाही. मालक बाहेर उभा असतो, त्याला आतलं काही दिसत नाही आणि मदतही करता येत नाही. कारवानसारख्या उमद्या कुत्र्याचं डोकं त्या तोंडातून गेलं तरी अंग धड आत जाणार नाही. फ्लायबॉल या सांघिक शर्यतीत तर बुटक्या कुत्र्याला मुद्दाम शोधून संघात घेतात. चार कुत्र्यांचा संघ एकामागून एक ५१ फुटांवरच्या पेटीतून चेंडू घेऊन परततो. वाटेत जाता-येता चार अडथळे. या अडथळ्यांची उंची ठरते संघातल्या सर्वांत बुटक्या कुत्र्याच्या मापाने. एक चपळ जॅक रसेल संघात असला की बाकीच्या तिन्ही उंच कुत्र्यांना कमी उंचीवरून उडी मारावी लागते.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. अडथळ्यांच्या ‘अजिलिटी’ स्पर्धांत, ज्यांची सुरुवात १९७८ च्या क्रफ्ट्स प्रदर्शनातल्या प्रात्यक्षिकापासून झाली, अग्रभागी बॉर्डर कॉली दिसतात आणि लहान गटात शेल्टी. टेरियर एवढा हुशार असेल तर तिथे मागे का? कारण बॉर्डर कॉली, शेल्टी यांसारखा मेंढ्या वळवणारा कुत्रा पिढ्यान् पिढ्या धनगराच्या शिट्टीकडे कान लावून घडला, तर टेरियर मालकाचा आवाज पोहोचणारच नाही अशा बिळात घडला. मालकाच्या प्रत्येक खुणेवर वळणं हे पहिल्याचं वळण आहे. दुसऱ्याला ते शिकवावं लागतं. म्हणून अजिलिटीच्या मैदानात जॅक रसेल एखादा अडथळा स्वतःच्या मर्जीने निवडतो आणि गुण घालवतो. तरीही ही जात त्या मैदानात वर्षानुवर्षं टिकून आहे, पदव्या मिळवते आहे आणि त्यामागे मालकांची चिकाटी आहे. हट्टी आहे म्हणून शिकत नाही, हा समज म्हणूनच टिकत नाही. युक्रेनमध्ये सुरुंग हुंगून शोधणाऱ्या ‘पॅट्रन’ या जॅक रसेलला मे २०२२ मध्ये त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी पदक दिलं. आणि सर रॅनल्फ फाइन्स यांच्या १९७९ ते १९८२ च्या पृथ्वीप्रदक्षिणा मोहिमेतला ‘बोथी’ हा जॅक रसेल दोन्ही ध्रुवांवर पोहोचलेला पहिला कुत्रा ठरला. सोफ्यावरच्या कुत्र्याची ही कामगिरी नव्हे.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि आपल्या भागात तोच जास्त नुकसान करणारा आहे: शिकारी रक्त आहे, त्याला खरी शिकार मिळालीच पाहिजे. नीरा डावा कालवा जिथवर पोहोचतो तिथवर ऊस आहे. त्यापलीकडे बारामती-इंदापूरचा जिराईत भाग म्हणजे गवताळ माळ. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, तरी तिथे चिंकारा टिकून आहे. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामतीतलं शिर्सुफळ इथे वन विभागाने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ती लांडगा, चिंकारा आणि खोकड पाहण्यासाठी. खोकड हा कोल्ह्याच्याच कुळातला, माळावर अनेक तोंडांची बिळं करणारा, उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच बिळात पिल्लं वाढवणारा. ज्या कुत्र्याच्या दोनशे वर्षांच्या पैदाशीचं सार ‘बिळात शीर आणि आतल्याला बाहेर काढ’ एवढंच आहे, त्याला या माळावर मोकळा सोडणं म्हणजे काय होईल हे सांगायला नको. शिवाय लस न दिलेल्या कुत्र्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर माळावरच्या खोकडांत आणि लांडग्यांत शिरू शकतात. कायदाही इथे संदिग्ध नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधली शिकारीची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. पाठलाग करणं, हाकणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणंही तिच्यात येतं. त्यामुळे ‘ससा हाती लागलाच नाही, नुसता कुत्रा पळवला’ हा बचाव टिकत नाही.

शिकारीवाचून कुत्रा कोमेजतो का? खेळांचाच पुरावा पाहा. ‘बार्न हंट’ या प्रकारात गवताच्या गाठींची रास असते आणि तिच्यात हवेशीर नळ्या लपवलेल्या असतात. पहिल्या पायरीवर समोर तीनच नळ्या: एकीत उंदीर, एकीत नुसतं उंदराच्या अंथरुणाचं भूस, एक रिकामी. मिनिटाभरात कुत्र्याने उंदराची नळी ओळखायची आणि मालकाने त्याच्या हालचालीवरून ते ओळखून पुकारायचं. शेपटीचा वेग बदलतो, श्वास थांबतो, पंजा एका जागी रुततो. प्रत्येक कुत्र्याची खूण निराळी. नळी उघडत नाही, उंदराला ओरखडाही येत नाही आणि कुत्रा पुन्हा पुन्हा तितक्याच जोमाने मैदानात उतरतो. याचा अर्थ त्याची भूक शोधण्याची आहे. शेवटी मारायला मिळालंच पाहिजे असं नाही. आणि उपजत ओढ असली तरी रिकाम्या नळीवर भुंकायचं नाही हे शिकवावंच लागतं. या खेळात जातीची अट नाही. गावठी कुत्राही उतरू शकतो, आणि आपल्या देशी कुत्र्यांनी नाकाच्या कामात कमीपणा घ्यायचं कारणच नाही: २०२४ मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’ या मुधोळ कुत्रीने परदेशी जातींना मागे टाकून पहिलं बक्षीस मिळवलं.

उसातल्या उंदरांचं काय, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा आहे. टेरियर उंदीर पकडतो, यात शंका नाही. पण उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि फडात लपायला जागा अमाप. दोन-चार उंदीर मारून संख्येवर परिणाम होत नाही. ती कमी होते ती गावाने मिळून एकाच वेळी केलेल्या नियंत्रणाने, बांध स्वच्छ ठेवल्याने आणि घुबडांना थारा दिल्याने. उलट कुत्र्याला धोके बरेच. बिळात नाक घालणाऱ्याची गाठ नागाशी किंवा घोणसाशी पडू शकते. झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर त्याने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जातं. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस ओल्या फडात असतो आणि तो कुत्र्याकडून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. सेव्हन-इन-वन लस दरवर्षी टोचून घेणं म्हणूनच महत्त्वाचं, आणि तीही लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर चालते असं नाही.

राहिला प्राणिप्रेमींचा आक्षेप, की बार्न हंटच्या नळीतल्या उंदराला भीती वाटतच असेल. तो मला मान्य आहे आणि आपल्याकडे कायद्याच्या दृष्टीनेही तो टाळू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींच्या बाजूने निकाल दिला, म्हणून कुत्र्यांच्या खेळांनाही मोकळीक मिळाली, असं मानणं चूक ठरेल. तो निकाल बैल आणि रेड्यांपुरता, कंबाला आणि जल्लिकट्टूसह राज्यांनी केलेल्या खास दुरुस्त्यांवरचा आहे. सुदैवाने नळ्यांचा हा खेळ घरी खेळायला जिवंत उंदराची गरजच नाही. पाळीव पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यातलं भूस मिळालं तरी पुरतं. ते छिद्रं पाडलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात भरून दोन्ही टोकं बंद करायची, तसेच दोन तुकडे साध्या भुसाचे करायचे आणि तिन्ही पाचटाच्या गाठींत लपवायचे. पाचट तर इथे प्रत्येक तोडणीनंतर हवं तेवढं मिळतं. रास छातीच्या उंचीवर नेऊ नये, गाठी हलत नाहीत ना ते आधी पाहावं, आत साप नाही याची काठीने खात्री करावी. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी आठच्या आत उरकावं. इतक्या कमी उंचीच्या कुत्र्याचं पोट तापलेल्या जमिनीच्या अगदी जवळ असतं.