बोल्ट बोलतात, मीटर नाही

जुनी गाडी बघायला सकाळी जावं, आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. आमच्या मिस्त्रींनी आल्या आल्या बॉनेट उघडून इंजिनाला हात लावला. थंड होतं. मगच पुढचं.

गाडी २०१८ ची, डिझेलवरची व्हिटारा ब्रेझा. एजंट सांगत होता, “डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड.” पुण्यातल्या निम्म्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात, असं माझं निरीक्षण आहे. मिस्त्रींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघत होते. कंपनीतून आलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग अखंड असतो. पाना लागला की कडेचे टवके उडतात. मग दाराचं रबर ओढून खांबावरचे वेल्डिंगचे ठिपके पाहिले. कंपनीचे ठिपके एका अंतरावर, एका मापाचे. डेंटरच्या हातचे तसे येत नाहीत. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्राही चाचपला.

सगळ्यात जास्त वेळ गेला सीटबेल्टवर. पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. गाडी पुरात बुडालेली असेल तर वरून कितीही धुवा, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाचा डाग राहतो. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंजही हेच सांगतो. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवत असेल, तर ही तपासणी टाळू नये. अशा गाडीचं वायरिंग महिन्यांनंतरही त्रास देतं.

मीटरवर बत्तीस हजार होते. टायरवरचे शेवटचे चार आकडे मात्र २३२२, म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा, आणि तेही चारही टायरवर. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत. एवढ्या कमी रनिंगला चारही टायर कशाला बदलले? सर्व्हिस रेकॉर्ड मागताच एजंट फोनवर बोलायला बाजूला गेला. ती गाडी आम्ही सोडली.

इंजिनाचं काम काढता येतं, वाकलेल्या चासीच्या आणि बुडालेल्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. गाडी पसंत पडलीच, तर आरसीवर बँकेचा बोजा आणि थकलेली ई-चलानं बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी ट्रान्सफर झाली की १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो.