भाड्याची मोटार आणि विम्याचे कवच

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेथे सुरू होतो, ते आपले कळंबोली. लोखंड-पोलादाच्या बाजारामुळे येथे मालट्रकांची वर्दळ अहोरात्र असते. गाडीच्या कागदपत्रांत विम्याचा कागद किती मोलाचा, हे येथील ट्रकवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आपण विद्यार्थी मात्र "गाडीचा विमा आहे ना?" एवढे विचारून थांबतो. विमा कोणासाठी आणि कशासाठी, हा खरा प्रश्न होय. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊन तेथे मोटार भाड्याने घेऊ इच्छिणाऱ्यांनी तर त्याचा विचार आधीच करावयास हवा.

मोटारविम्याचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्या परक्या माणसाला इजा होते त्याच्यासाठी. ब्रिटनमध्ये तो १९३० च्या कायद्याने सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ही तरतूद १९४६ पासून अमलात आली आणि १९८८ च्या कायद्यातही ती कायम आहे. दुसरा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि तिसरा चालकाच्या अपघाताचा. पहिला आहे म्हणून उरलेले दोन असतीलच, असे नाही.

गोव्यात सहलीला गेल्यावर स्वतः चालवण्यासाठी मोटार घेतली, तर तिच्या पाटीकडे पाहावे. अशा गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळते खरी. परंतु खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर सहसा वगळलेला असतो. अपघात झाल्यास वाचवलेले पैसे फार महागात पडतात.

परदेशात आणखी एक शब्द कानी पडतो: 'कोलिजन डॅमेज वेव्हर'. हा खऱ्या अर्थाने विमा नव्हे. गाडीचे नुकसान झाल्यास ते तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनी काही अटींवर सोडते, इतकाच त्याचा अर्थ. त्यातही नुकसानीचा पहिला ठराविक हिस्सा बहुधा भाडेकरूच्याच माथी असतो. त्याला 'एक्सेस' म्हणतात. समजा, तो १,००० पौंड आहे आणि दुरुस्तीला १,४०० पौंड लागले. तर १,००० तुम्ही द्यावयाचे, कंपनी केवळ ४०० सोसणार. काच, टायर व गाडीचा खालचा भाग पुष्कळदा यातून वगळलेला असतो. शिवाय या सवलतीचा रस्त्यावरील जखमी माणसाशी काही संबंध नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. तेथील किमान तृतीय पक्ष संरक्षण इस्पितळाच्या खर्चापुढे तुटपुंजे ठरू शकते. म्हणून वाढीव संरक्षणाची चौकशी अवश्य करावी.

निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. त्याची मुदत फार तर एक वर्ष असते आणि मूळ परवानाही जवळ बाळगावा लागतो. गाडी ताब्यात घेताना जुने ओरखडे करारपत्रावर नोंदवून घ्यावेत व छायाचित्रे काढावीत. मित्र गाडी चालवणार असेल, तर त्याचेही नाव करारात घालावे. नोंद नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला, तर सारे कवच गळून पडू शकते. मद्यपान करून गाडी चालवणाऱ्याचेही तेच.

सही करण्यापूर्वीची दहा मिनिटे हाच खरा स्वस्त विमा. कारण आपल्या चुकीने जो परका जखमी होतो, त्याने आपले करारपत्र वाचलेले नसते. ते वाचण्याची जबाबदारी आपली.