कागद अडकण्याचं कारण प्रिंटरच्या मागे असतं

महिनाअखेरीची बिलं निघत असताना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने कागदाचा बोळा केला, की दुकानात निदान तयारच असतं : मशीन म्हातारं झालं, आता नवं घ्या. प्रत्यक्षात मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. घोळ असतो तो खोक्यातून निघून ट्रॅक्टरपर्यंत, म्हणजे कागद पुढे ढकलणाऱ्या पिनांच्या जोडीपर्यंत, येणाऱ्या कागदाच्या वाटेत.

हे प्रिंटर आता मोडीत निघाले, हाही असाच एक समज. 2017 च्या जीएसटी नियमांनुसार मालाच्या विक्रीचं बिल साधारणपणे तीन प्रतींत लागतं : मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विक्रेत्याकडे. डॉट मॅट्रिक्सच्या पिना कागदावर ठोका मारतात, म्हणून कार्बनलेस कागदाच्या तिन्ही प्रती एकाच दमात उमटतात. लेझर किंवा इंकजेटमध्ये हा ठोकाच नाही. घाऊक बाजारात आणि ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांत हे यंत्र अजून टिकून आहे, त्यामागचं हे एक मोठं कारण.

कागदाच्या दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं असतात, त्यांत ट्रॅक्टरच्या पिना बसतात. ही युक्ती संगणकाच्याही आधीची. 1912 साली अमेरिकेतल्या डेटन शहरात सुरू झालेली स्टँडर्ड रजिस्टर कंपनी पिनांवर सरकणाऱ्या अशाच कागदावर उभी राहिली. कागद अडकला की आधी ही भोकं नीट पाहावीत. बिघाडाची सगळी हकीकत तिथे लिहिलेली असते. भोकं बाहेरच्या काठाकडे फाटली असतील, तर दोन्ही ट्रॅक्टर एकमेकांपासून फार लांब सरकवून कागद ताणला गेला आहे. ‘घट्ट बसवला की कागद हलत नाही’ या समजुतीपायी हे सर्रास होतं. उलट ट्रॅक्टर फार जवळ आणले, तर कागद मधोमध फुगतो आणि हेडखाली चुरगळतो. कागद सपाट राहावा, पण ताणलेला नसावा, इतकंच अंतर हवं. भोकं लांबट झाली असतील, तर पिना कागद पुढे ढकलताहेत आणि काहीतरी त्याला धरून ठेवतंय.

ते ‘काहीतरी’ शोधायला मागे वाकावं लागतं. खोकं तिरकं ठेवलेलं असतं, कागद टेबलाच्या कडेला घासत असतो, नाहीतर पॉवरची वायर आडवी आलेली असते. काही वेळा छापलेला कागदच मागे घसरून पुन्हा आत ओढला जातो. पुष्कळदा कागदाचा प्रकार निवडायचा लिव्हर सुट्या कागदाच्या खुणेवरच राहिलेला असतो. मग रोलर कागद दाबून धरतो, ट्रॅक्टर स्वतःच्या चालीने ढकलतो, आणि या ओढाताणीत कागद तिरका जातो. खोकं प्रिंटरच्या बरोबर मागे, सरळ रेषेत ठेवलं आणि लिव्हर ट्रॅक्टरच्या खुणेवर आणला, तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

दुसरा लिव्हर कागदाच्या जाडीचा. एकेरी कागदाचं सेटिंग ठेवून तीन प्रतींचं बिल घातलं, तर हेड कागदाला घासतं, रिबन ओढली जाते आणि वरची प्रत सुरकुतते. प्रती बदलल्या की हा लिव्हरही बदलायचा. मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो.

पावसाळ्याला दोष देणारे मात्र चुकत नाहीत. फरशीवर उघडं पडलेलं खोकं ओल धरतं, कागदाच्या कडा लाटांसारख्या होतात आणि भोकं पिनांवर नीट बसत नाहीत. लागेल तेवढाच कागद बाहेर काढावा, उरलेला प्लॅस्टिकच्या वेष्टनातच राहू द्यावा.

अडकलेला कागद हिसडून ओढणं आणि प्रिंटर चालू असताना बाजूचा नॉब हाताने फिरवणं, या दोन सवयी दातेरी चाकांच्या जिवावर उठतात. आधी प्रिंटर बंद करावा, तापलेलं हेड निवू द्यावं, मागचा कागद घडीच्या रेषेवर फाडून तोडावा आणि मगच नॉबने तुकडा पुढच्या बाजूने बाहेर काढावा. तेलाचे थेंब सोडणं तर नकोच. अयोग्य तेलाने यंत्रणा बिघडते, म्हणून कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच त्याला मनाई असते. चिकट लेबलांचा कागद कधीही उलटा मागे घेऊ नये. लेबल सुटून रोलरला चिकटतं आणि मग ते खरवडून काढताना रोलरच खराब होतो.

एक कारण तर थेट संगणकात दडलेलं असतं. कागद 12 इंची आणि सेटिंग 11 इंचाचं असेल, तर दुसऱ्या बिलाचा मथळा पहिल्या पानाच्या तळाशी येतो आणि पुढे प्रत्येक पानाला एकेक इंच वर सरकत जातो. ऑपरेटर मग दर वेळी कागद हाताने ओढून जुळवत बसतो, भोकं फाटतात, आणि तासाभरात कागद अडकतो. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवावा, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पानाची लांबी 12 इंच करावी आणि कोऱ्या कागदाची घडी फाडण्याच्या कडेशी एकदा जुळवून घ्यावी.