प्रतिकारशक्ती आतड्यात घडते

प्रतिकारशक्ती जन्मतःच तयार मिळते, हा समज पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांनी खोटा ठरवला. त्यांच्या आतड्यातल्या लसीका ग्रंथी खुरटलेल्या राहतात आणि अस्तराचं रक्षण करणारं आयजीए हे प्रतिपिंड जेमतेम तयार होतं. २००९ मध्ये तर असं दिसलं, की धाग्यासारखा दिसणारा एकच जिवाणू अशा उंदरांच्या पोटात सोडला, की तो अस्तराला चिकटतो आणि तिथे टीएच-१७ नावाच्या लढाऊ पेशी वाढू लागतात.

उंदरांचं माणसाला कशाला लावायचं, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून ओडिशाच्या खेड्यांमधली चाचणी मला फार मोलाची वाटते. तिथे ४,५५६ नवजात बाळांपैकी काहींना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा दिली, इतरांना तसंच दिसणारं निष्क्रिय मिश्रण. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस (जीवघेणा जंतुसंसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांऐवजी ५.४ टक्के राहिलं. श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. म्हणजे परिणाम आतड्यापुरता नसावा. मग दुकानातली कुठलीही प्रोबायोटिक पुडी चालेल? मुळीच नाही. इंग्लंडमध्ये मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह हा दुसरा जिवाणू दिला, तेव्हा फायदा दिसला नाही. कोणता जिवाणू, कोणत्या बाळाला आणि कधी, यावर सगळं अवलंबून आहे.