पृथ्वीचे वय आणि कर्त्याचा प्रश्न

मालेगाव येथील एका विहारात वर्षावासातील प्रवचन आटोपल्यावर नववीतील एका मुलाने आम्हांस एक प्रश्न विचारला. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे, असे त्याला शाळेत शिकविले होते. त्याच्या मुस्लिम वर्गमित्राचे म्हणणे असे की, जग सहा दिवसांत निर्माण झाले. मात्र ते दिवस म्हणजे सहा प्रदीर्घ कालखंड होत, असे त्याचे वडील सांगतात. दुसऱ्या एका मित्राच्या घरी पूजेच्या संकल्पात कल्प आणि मन्वंतर यांचा उच्चार होतो. "सर, मग आपल्या बुद्धांनी पृथ्वीचे वय किती सांगितले?" असे त्या मुलाने विचारले. आम्ही काही बोलण्यापूर्वीच एक ज्येष्ठ उपासक उत्साहाने म्हणाले, "अरे बाळा, विज्ञानाला आज जे कळते ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे." जमलेल्या मंडळींनी 'साधु, साधु' म्हटले. आमचे समाधान मात्र त्या उत्तराने झाले नाही. प्रस्तुत लेख त्या असमाधानातून लिहिला आहे.

पृथ्वीच्या प्राचीनत्वाचा पुरावा शोधण्यासाठी मालेगावकरांना दूर जावे लागत नाही. आपल्या परिसरातील काळा खडक आणि गाळणा किल्ल्याचा डोंगर हे दख्खनच्या लाव्हारसाचे बनलेले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून हा रस पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापला आहे. सह्याद्रीच्या डोंगरांना दुरून पायऱ्यांसारखा आकार दिसतो, तो या थरांमुळेच. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. खालचा थर थंड झाला, ऊन-पावसाने त्याचा पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली आणि त्यानंतर वरचा थर आला, असा त्याचा अर्थ आहे.

हा खडक पृथ्वीच्या मानाने अगदी अलीकडचा होय. पृथ्वीचे एकूण वय क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उल्कापाषाणांतील शिशाच्या प्रमाणावरून सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. त्याचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यास त्याहून अधिक अर्थ देऊ नये. योगायोगास पुरावा समजण्याची चूक किती सहज होते, हे पुढे दिसून येईल.

जगाचा कर्ता मानणाऱ्या धर्मांनी हे दीर्घ वय कसे स्वीकारले, ते आता पाहू. १६५० साली आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधील वंशावळींवरून निर्मितीचे वर्ष इसवी सनपूर्व ४००४ असे काढले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी खडकांच्या रचनेवरून पृथ्वीचा काळ अतिप्रचंड असल्याचे दाखविले. यानंतर सर्व ख्रिस्ती धर्मपंडित विज्ञानाविरुद्ध उभे राहिले, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. थॉमस चामर्स या धर्मोपदेशकाने १८१४ मध्ये असे प्रतिपादन केले की, बायबलमधील आरंभीची निर्मिती आणि त्यानंतरचे सहा दिवस यांच्यामध्ये अमर्याद काळ लोटलेला असू शकतो. तारुण्यात पाथरवटाचे काम केलेले संपादक ह्यू मिलर यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ते दिवस म्हणजे भूशास्त्रीय युगे होत, असा अर्थ लावला. एकाने दिवसांच्या आधी काळाला जागा करून दिली, दुसऱ्याने दिवसच लांबविला. दोघांनीही कर्त्यास हात लावला नाही.

या विचारपरंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. चामर्स हे १८४३ साली स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष होते. त्याच चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. धर्मोपदेश आणि अध्यापन यांबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक तपासले. टाकळी येथे त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना लाव्हारसाशी निगडित गाळाच्या थरात गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. लाव्हारसाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये तळी साचून त्यांत जीवांच्या पिढ्या नांदण्याइतका काळ गेला होता, ही गोष्ट अशा थरांवरून कळते. या संशोधनावरील त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात १८५५ साली छापला गेला. १८६३ मध्ये नागपूरजवळ नदीत बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला. सृष्टिकर्त्याचा उपदेश करणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या भूमीचे प्राचीनत्व उलगडण्यास साह्य केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

इस्लामच्या बाबतीत त्या मुलाच्या मित्राने सांगितले तेही निराधार नाही. कुराणात सहा दिवसांच्या निर्मितीचा उल्लेख आहे. तसाच ईश्वराजवळचा एक दिवस मनुष्याच्या हजार वर्षांसारखा असल्याचा आणि अन्यत्र पन्नास हजार वर्षांच्या दिवसाचाही उल्लेख आहे. अरबी 'यौम' या शब्दाने दिवस तसाच कालखंडही सूचित होतो. म्हणून अनेक आधुनिक भाष्यकार त्या सहा दिवसांचा अर्थ सहा अवस्था असा करतात.

पुराणांची गोष्ट वेगळी आहे. तेथे काळ लांबविण्याची गरजच पडली नाही. ४३ लाख २० हजार वर्षांचे एक महायुग आणि अशा एक हजार महायुगांचा, म्हणजे ४३२ कोटी वर्षांचा, ब्रह्मदेवाचा एक दिवस. हा आकडा ४५४ कोटींच्या जवळ असल्याचे पाहून पुष्कळांना आनंद होतो. परंतु त्याच गणिताप्रमाणे चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच सरली आहेत. मोजमाप न करता मिळालेला आकडा जवळ आला, तरी त्यास शोध म्हणता येत नाही.

या सर्वांवरून दोन प्रश्न वेगळे करता येतात. पृथ्वी किती जुनी, हा पहिला. ती कोणी निर्माण केली काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा निर्णय खडक देतात आणि वर सांगितलेल्या विचारवंतांनी तो मान्य केला. त्यांच्या मार्गाने जाणाऱ्यांपैकी काही जण आजही प्राचीन पृथ्वी मानतात, परंतु प्राणिजाती कर्त्याने टप्प्याटप्प्याने घडविल्या असे म्हणून उत्क्रांती नाकारतात. इतर काही जण उत्क्रांती हीच कर्त्याची रीत समजतात. कर्ता मात्र दोघांच्याही मनात कायम राहतो. तेव्हा पृथ्वीचे वय सिद्ध झाले म्हणजे ईश्वरकल्पना आपोआप खंडित झाली, असे समजणारा बौद्ध तरुण चुकतो, आणि आपल्या शेजाऱ्यावर अन्यायही करतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे पालि साहित्य निराळ्या वाटेने जाते. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात एक मार्मिक कथा आहे. लोक पुन्हा विवृत्त होऊ लागतो, तेव्हा रिकाम्या ब्रह्मविमानात एक सत्त्व प्रथम जन्म घेते. एकटेपणाने कंटाळून ते सोबतीची इच्छा करते. पुढे आपापल्या कारणाने इतर सत्त्वे तेथे जन्मतात आणि पहिल्यास वाटते की, यांना मीच निर्माण केले. नंतर आलेल्यांनाही तसेच वाटते. आधी असणे आणि निर्माण करणे यांतील घोटाळा येथे उघड केला आहे. त्यासाठी वर्षांची गणना करावी लागलेली नाही.

काळाविषयी संयुत्तनिकायात एक उपमा येते. एक योजन लांब, रुंद आणि उंच असा अखंड खडकाचा पर्वत असावा आणि शंभर वर्षांतून एकदा कोणी काशीच्या तलम वस्त्राने तो पुसावा. तो पर्वत झिजून संपेल, पण कल्प संपणार नाही. मालेगावसारख्या विणकरांच्या गावी आणि काळ्या खडकाच्या प्रदेशात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. परंतु येथे तथागतांनी वर्षांचा आकडा दिलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. जन्ममरणाचा फेरा किती दीर्घ आहे हे जाणून मनुष्याने विरक्त व्हावे, एवढाच तिचा हेतू आहे.

आता अग्गञ्ञसुत्ताकडे वळू, कारण त्या ज्येष्ठ उपासकांच्या मनात बहुधा तेच असावे. त्यात लोकाच्या संवर्त-विवर्ताचे वर्णन आहे. आभास्वर लोकातून आलेली स्वयंप्रकाशी सत्त्वे, तापवून निवत ठेवलेल्या दुधावर साय यावी तशी पाण्यावर आलेली रसपृथ्वी, ती चाखल्यावर सत्त्वांची नाहीशी झालेली प्रभा आणि त्यानंतर प्रकट झालेले सूर्यचंद्र, असा तो क्रम आहे. हे भूशास्त्र आहे असे आम्ही म्हणू लागलो, तर सूर्याआधी सत्त्वे होती हेही सिद्ध करावे लागेल. ते शक्य नाही आणि आवश्यकही नाही. हे सुत्त वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांस उद्देशून आहे. ब्राह्मण हे ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले म्हणून श्रेष्ठ, या दाव्याचे त्यात खंडन आहे. वर्ण हे माणसांच्या व्यवहारातून उत्पन्न झाले, हा त्याचा गाभा आहे. त्यास भूशास्त्राचे पाठ्यपुस्तक बनविले, तर जातिखंडनाची त्याची धार आपण आपल्याच हाताने बोथट करू.

बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात सृष्टिकर्त्यावरील श्रद्धा ही धम्माचा भाग नाही, असे तर्काने मांडले. विज्ञानावर आधीच हक्क सांगण्याची गरज त्यांना भासली नाही.

पुढील पौर्णिमेस तो मुलगा पुन्हा भेटला, तेव्हा आम्ही त्यास सांगितले, "बाळ, बुद्धांनी पृथ्वीचे वय सांगितले नाही. ते तू शाळेत शिक आणि डोंगरात पाहा. तुझ्या मित्राच्या वडिलांशी त्या बाबतीत तुझे भांडण नाही. कर्ता असावाच लागतो काय, हा प्रश्न निराळा. त्याचा विचार तू शांतपणे कर." ते ज्येष्ठ उपासक जवळच बसले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सर, मग त्या दिवशी मी बोललो ते मागे घेतो." त्या दिवशी 'साधु' म्हणण्याची पाळी आमची होती.