लाउबरहॉर्न स्की शर्यत

लाउबरहॉर्न स्की शर्यत ही स्वित्झर्लंडमधील वेंगेन ह्या गावी दरवर्षी जानेवारी महिन्यात भरणारी पुरुषांची आल्पाइन स्की स्पर्धा आहे. १९३० साली सुरू झालेली ही स्पर्धा १९६७ पासून, म्हणजे स्की विश्वचषक मालिकेच्या पहिल्याच हंगामापासून, त्या मालिकेचा भाग आहे. तिच्यातील सुमारे ४.४८ किलोमीटर लांबीची डाउनहिल शर्यत ही विश्वचषक मालिकेतील सर्वांत लांब डाउनहिल शर्यत होय. यजमान गावाची लोकसंख्या मात्र जेमतेम १,३०० आहे. एवढ्या लहान डोंगरी गावाने जागतिक दर्जाची स्पर्धा कशी आणि किती काळ पेलावी, हा प्रश्न स्पर्धेच्या अलीकडच्या इतिहासात वारंवार पुढे आला आहे.

स्थान

वेंगेन हे गाव बर्न कँटनच्या डोंगराळ भागात, लाउटरब्रुनेन दरीच्या वर एखाद्या सज्जाप्रमाणे असलेल्या पठारावर सुमारे १,२७४ मीटर उंचीवर वसलेले आहे. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरे दिसतात. गावात खासगी मोटारींना प्रवेश नाही. खालच्या लाउटरब्रुनेन गावातून १८९३ साली सुरू झालेल्या दातेरी रुळांच्या रेल्वेने वेंगेनला पोहोचता येते. हीच रेल्वे पुढे क्लाइने शाइडेग ह्या खिंडीपर्यंत चढते. युंगफ्राउयोखला जाणारे पर्यटक, ज्यांत भारतीयांची संख्याही मोठी असते, ह्या खिंडीत गाडी बदलतात. ज्या लाउबरहॉर्न शिखरावरून स्पर्धेला नाव मिळाले, ते २,४७२ मीटर उंचीचे शिखर ह्या खिंडीलगतच आहे.

उगम

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या परिसरात हिवाळी पर्यटन रुजवण्यात ब्रिटिश प्रवाशांचा मोठा वाटा होता. दरीच्या पलीकडील म्युरेन गावी अर्नोल्ड लन ह्यांनी १९२२ साली आधुनिक स्लालम शर्यत भरवली. स्लालम म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून झपाट्याने वळणे घेत उतरण्याची शर्यत. वेंगेनमध्ये १९२५ साली ब्रिटिश स्कीपटूंनी ‘डाउनहिल ओन्ली’ नावाचा क्लब स्थापन केला. अशा वातावरणात वेंगेनचे रहिवासी एर्न्स्ट गेर्ट्श ह्यांनी पुढाकार घेऊन फेब्रुवारी १९३० मध्ये पहिली लाउबरहॉर्न स्पर्धा भरवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही ती चालू राहिली. त्या सुमारास वेंगेनचाच कार्ल मोलिटर ह्याने डाउनहिल शर्यत सहा वेळा जिंकली.

शर्यतीचा मार्ग

डाउनहिल शर्यत सुमारे २,३१५ मीटर उंचीवर सुरू होऊन १,२८७ मीटर उंचीवर संपते. दोन्ही टोकांच्या उंचीतील फरक १,०२८ मीटर आहे. स्कीपटूला हे अंतर कापण्यास साधारण अडीच मिनिटे लागतात. इटलीच्या क्रिस्तियान गेदिना ह्याने १९९७ साली ह्या मार्गावर २ मिनिटे २४.२३ सेकंद अशी वेळ नोंदवली. अन्य बहुतेक डाउनहिल शर्यती दोन मिनिटांच्या आतबाहेर संपतात. त्यामुळे वेंगेनच्या शर्यतीत वेगाबरोबरच पायांच्या ताकदीचीही कसोटी लागते.

मार्गातील टप्प्यांची नावे हा जणू शर्यतीचा लिखित इतिहासच आहे. ‘हुंडशॉप्फ’ येथे खडकांच्या मधून खाली उडी घ्यावी लागते. ‘मिन्शकांटे’ हे नाव १९६५ साली तेथे पडलेल्या योस मिन्श ह्या स्विस खेळाडूवरून पडले. ‘कॅनेडियन कॉर्नर’ हे वळण १९७६ साली तेथे कोसळलेल्या दोन कॅनेडियन खेळाडूंची आठवण देते. ‘ऑस्टेराइशरलॉख’, म्हणजे ऑस्ट्रियनांचा खड्डा, हे नाव १९५४ साली तेथे पडलेल्या ऑस्ट्रियन खेळाडूंमुळे मिळाले. ब्रूनो केर्नेन १९९७ साली ज्या अरुंद वळणावर पडला, त्याला आता त्याचेच नाव आहे. ह्याच केर्नेनने २००३ साली ही शर्यत जिंकली. ‘वासरस्टेशन’ येथे खेळाडू रेल्वेमार्गाच्या खालून जातात. पुढील ‘हानेगशुस’ हा सर्वांत वेगवान उतार आहे. तेथे १९ जानेवारी २०१३ रोजी फ्रान्सच्या योहान क्लारे ह्याने ताशी १६१.९ किलोमीटर वेग गाठला. विश्वचषक शर्यतीत ताशी १६० किलोमीटरचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला.

आयोजन

डाउनहिलच्या दिवशी, म्हणजे सामान्यतः शनिवारी, तीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रेक्षक जमतात. म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या वीसपटीहून अधिक माणसे एका दिवसात येतात आणि बहुतेक त्याच दिवशी परततात. रस्ता नसल्यामुळे प्रेक्षक, खेळाडू, चित्रीकरणाची सामग्री आणि खाद्यपदार्थ ह्यांची ने-आण रेल्वे, रोपवे आणि हेलिकॉप्टर ह्यांवर अवलंबून असते. त्यासाठी जादा गाड्या सोडल्या जातात. डिसेंबर २०२० मध्ये ग्रिंडेलवाल्डच्या बाजूने आयगरग्लेचरपर्यंत नवा रोपवे सुरू झाल्याने प्रेक्षकांना दुसऱ्या दिशेनेही येणे सोपे झाले.

मार्गाची तयारी आठवडाभरात आटोपणारी नसते. बर्फ यंत्रांनी आणि माणसांच्या पायांनी दाबून टणक करावा लागतो, ताजा पडलेला बर्फ हटवावा लागतो आणि किलोमीटरच्या किलोमीटर संरक्षक जाळ्या उभाराव्या लागतात. स्थानिक स्वयंसेवकांबरोबर स्विस सेना आणि नागरी संरक्षण दलाचे जवान ह्या कामात भाग घेतात. स्विस हवाई दलाच्या ‘पात्रुई स्विस’ ह्या पथकाची विमान-कवायत हे प्रेक्षकांचे खास आकर्षण ठरले आहे.

अपघात आणि सुरक्षितता

शेवटचे ‘त्सील-एस’ हे वळण खेळाडूचे पाय थकलेले असताना येते. म्हणूनच ते विशेष धोकादायक मानले जाते. जानेवारी १९९१ मध्ये सरावाच्या फेरीत गेर्नोट राइनश्टाडलर हा २० वर्षांचा ऑस्ट्रियन खेळाडू येथे तोल जाऊन जाळीत अडकला व त्या इजांमुळे मरण पावला. त्या वर्षीची शर्यत रद्द करण्यात आली. ह्या दुर्घटनेनंतर स्कीचे टोक जाळीत अडकणार नाही अशा रीतीने कडेच्या संरक्षणाची फेरमांडणी झाली.

जानेवारी २०२४ मध्ये वेंगेन येथे तीन दिवसांत दोन डाउनहिल आणि एक सुपर-जी अशा तीन वेगवान शर्यती घेण्यात आल्या. तिसऱ्या दिवशी नॉर्वेचा आलेक्सांडर ओमॉट किल्डे शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात कोसळून गंभीर जखमी झाला. त्यानंतर भरगच्च वेळापत्रकाने खेळाडूंवर येणाऱ्या ताणाची चर्चा झाली.

आर्थिक वाद

अशा स्पर्धेचे जाहिरात व प्रक्षेपण हक्क हे उत्पन्नाचे मुख्य साधन असते. हक्कांचे पैसे राष्ट्रीय महासंघाकडे किती आणि यजमान आयोजकांकडे किती जावेत, ह्यावरून वेंगेनचे आयोजक आणि ‘स्विस-स्की’ हा महासंघ ह्यांच्यात वाद झाला. खर्च वाढत असून आपल्याला मिळणारा वाटा अपुरा आहे, असे आयोजकांचे म्हणणे होते. सर्व यजमानांना समान न्याय हवा, अशी महासंघाची बाजू होती. मे २०२० मध्ये महासंघाने २०२१-२२ च्या हंगामापासून वेंगेनचे नाव वेळापत्रकातून वगळण्याचे पाऊल उचलले. ह्या बातमीने देशात खळबळ उडाली. पुढील काही आठवड्यांतच समझोता होऊन स्पर्धा वेंगेनमध्येच राहिली.

ह्या वादाच्या मुळाशी एक विसंगती आहे. ज्या लांबलचक, रेल्वेखालून जाणाऱ्या मार्गामुळे शर्यतीला कीर्ती मिळाली, तोच मार्ग तिचा खर्च वाढवतो. रस्त्यालगतच्या आखूड उतारावर हीच शर्यत स्वस्तात झाली असती. पण मग ती लाउबरहॉर्न शर्यत उरली नसती.

हवामान

मार्गाच्या वरच्या टोकाला वारा आणि खालच्या टोकाला धुके, अशी स्थिती एकाच वेळी असू शकते. अशा वेळी प्रारंभस्थान खाली आणून शर्यत आखूड केली जाते किंवा ती रद्द होते. २०१७ साली खराब हवामानामुळे डाउनहिल शर्यत रद्द झाली. जानेवारी २०२१ मध्ये गावात कोरोना विषाणूच्या नव्या प्रकाराचे रुग्ण आढळल्याने संपूर्ण स्पर्धाच रद्द करण्यात आली. मार्गाचा शेवट तुलनेने कमी उंचीवर असल्याने तेथे नैसर्गिक बर्फाची खात्री नसते. त्यामुळे कृत्रिम बर्फाचा वापर अपरिहार्य झाला आहे. मात्र तो तयार करण्यासाठीही पुरेशी थंडी लागते.

परिसरातील अन्य स्पर्धा

दरीच्या पलीकडे म्युरेन येथे १९२८ पासून ‘इन्फर्नो’ ही स्की शर्यत भरते. तीत प्रामुख्याने हौशी स्कीपटू मोठ्या संख्येने उतरतात. शिल्टहॉर्न शिखराजवळून निघणारा तिचा पूर्ण मार्ग लाउटरब्रुनेनपर्यंत जातो. सप्टेंबरमध्ये होणारी युंगफ्राउ मॅरेथॉन १९९३ साली सुरू झाली. इंटरलाकेनहून निघणारे धावपटू वेंगेनमार्गे उंच डोंगरात चढतात. अशा प्रकारे एकाच परिसरात व्यावसायिक आणि हौशी, हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही तऱ्हांचे क्रीडोत्सव भरतात.