बेघरांना नाटक कशाला?

"डॉक्टर, डोक्यावर छप्पर नाही त्यांना नाटक कशाला हवे?" एका वाचकाचा हा प्रश्न रास्त आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात 'स्किड रो' नावाचा भाग आहे. तेथे अनेक माणसे पदपथावर तंबू ठोकून राहतात. १९८५ साली जॉन मालपीड यांनी तेथील बेघरांनाच घेऊन नाटकमंडळी उभी केली. नट तेच आणि गोष्टीही त्यांच्याच!

याचा आरोग्याशी काय संबंध? उघड्यावर राहणाऱ्याला शांत झोप नसते, मनात कायम धास्ती असते आणि एकटेपणा तर पाठच सोडत नाही. तालमीमुळे दिवसाला वळण लागते, सोबत मिळते, कोणीतरी नावाने हाक मारते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन आजार टाळण्यात व उपचारांत कलेचा हातभार लागतो, असे नमूद केले.

अर्थात, नाटक म्हणजे घर नव्हे आणि क्षयाच्या गोळ्याही नव्हेत. दोन्ही मिळालीच पाहिजेत.

पदपथावरच्या रुग्णाला मी वर्षानुवर्षे फक्त "काय होतंय?" एवढेच विचारत आलो. आता आधी नाव विचारतो. जिथे ओळख असते, तिथेच रुग्ण उपचार पुरे करायला परत येतो.